बरणी इथेच परत आणायची

आमच्या मावशींना अख्ख्या रशियात कुणी परकं नाही आणि आम्ही राहतो त्या अख्ख्या ईडन प्रेरीत कुणी ओळखीचं नाही, असं मी पूर्वी चारचौघांत सांगायचो, आणि मावशी समोर असल्या तर त्याही मान डोलवायच्या. मावशी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी, नात्यानं माझ्या मावससासूबाई. पण सासूपणाचं एकही लक्षण त्यांच्यात नाही. सासू जावयाला पगाराबद्दल विचारते, मावशी विचारतात, "तुमच्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या चपला कुणाला देतात?" आणि तेही मी पहिला घास घेत असताना. पेशानं त्या मानववंशशास्त्रज्ञ. सांगलीला शाळेत असताना पुस्तकांच्या एका फिरत्या गाडीवरून त्यांनी गुळगुळीत कागदाचं, स्वस्तातलं सोव्हिएत चित्रांचं पुस्तक घेतलं. त्यात बर्फात खिडकीपर्यंत बुडालेलं एक घर होतं. त्या घरातली माणसं आत बसून दिवसभर करतात काय, ही काळजी त्यांना लागली ती लागलीच. ती मिटवायला त्या पुण्यात रशियन शिकल्या, डॉक्टरेट करायला अमेरिकेत आल्या, आणि शेवटी उत्तर रशियातल्या एका खेड्यात जाऊन थेट तसल्याच घरात राहिल्या. लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ कुठे होता? गावात कामं फार होती." हे गाव सांगलीजवळचं नव्हे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

नोकरी जर्सी सिटीजवळच्या एका कॉलेजात, पण जीव गावात. उन्हाळा लागला की त्या तिकडे पळायच्या. नुसतं लोकांचं बोलणं लिहून आणायचं ही चोरी आहे, काहीतरी परत द्यावं लागतं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे गावातली बंद पडलेली पावाची भट्टी बायकांनी परत सुरू करावी म्हणून त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत बसायच्या, बायकांचा गट जमवायच्या, आणि भट्टी सुरू झाली की दुसऱ्या गावच्या बायकांना ती दाखवायला न्यायच्या. मग युक्रेनशी लढाई सुरू झाली, जायची वाट बंद झाली, गावाकडचे फोनही हळूहळू तुटले. मावशी निवृत्त झाल्या, जर्सी सिटीतलं उंच बिल्डिंगमधलं घर सोडलं आणि आमच्याकडे मिनेसोटात राहायला आल्या. येताना सामान थोडं आणि चालीरीती मात्र ट्रकभर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या घरातल्या माणसांची नावं बदलली. रशियात आदरानं हाक मारायची तर नावापुढे बापाचं नाव लावतात, आपणही लावतोच की, मग सोडायचं कशाला? म्हणून मी झालो मिलिंद वसंतोविच आणि बायको झाली मेधा मधुकरोव्ना. "मिलिंद वसंतोविच, ट्रॅश बाहेर ठेवलात का?" असं जिन्यावरून ऐकू आलं की कचऱ्याचा डबा ओढतानाही आपण कुणीतरी बडे सरदार आहोत असं वाटायचं. दुसरी गोष्ट उंबऱ्याची. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, वस्तू द्यायची-घ्यायची नाही, नाहीतर भांडण होतं. आमच्या आजीचंही काहीसं हेच म्हणणं असे, पण आजीच्या काळात दारात दिवसाला तीन-तीन पार्सलं येत नव्हती. मावशी प्रत्येक कुरिअरवाल्याला दंडाला धरून आत ओढायच्या, आत आणून मगच सही करायच्या. एक बिचारा बूट बर्फानं माखलेले म्हणून आत यायला तयार होईना, तर मावशी स्वतः अनवाणी बर्फात बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या मार्गावरचे सगळे कुरिअरवाले पार्सल गॅरेजसमोर टाकून पळून जाऊ लागले.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे निघताना बसणं. प्रवासाला निघायचं तर सामान दाराशी ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी कोट-बूट घालून मिळेल तिथे टेकायचं आणि गप्प राहायचं. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. मग घरातलं वडील माणूस उठलं की सगळ्यांनी उठायचं. वडील माणूस अर्थातच मावशी, आणि त्यांना उठायची घाई कधीच नसे. आमचं शिकागोचं विमान या बसण्यापायी चुकलं. मी चिडून म्हणालो, मावशी, प्रवास नीट व्हावा म्हणून बसायचं ना? मग प्रवासच झाला नाही त्याचं काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "मग अपघात कसा होईल?"

आणि कौतुक. मावशी कशाचंही कौतुक करत नसत. मेधानं निगुतीनं पुरणपोळी केली तर म्हणायच्या, "खाता येते." आमची रिया शाळेच्या नाटकात प्रमुख भूमिका करून आली तर, "पडली नाहीस म्हणजे झालं." रिया खोलीत जाऊन दार आपटत म्हणाली, "डॅड, शी हेट्स मी." तेव्हा मावशींनी मला समजावलं. त्यांच्या गावात चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत, म्हटलं की ते जातं. गाय भरपूर दूध देते असं कुणी बोललं तर तीनदा थुंकल्यासारखं करून लाकडावर टकटक करतात. आपल्याकडे नाही का, बाळ गुटगुटीत दिसलं की कुणी बोलायच्या आत मीठ-मोहऱ्या उतरवतात? ज्याच्यावर जीव असतो त्याची तक्रार करायची, म्हणजे नजर दुसरीकडे जाते. आपलं सगळं संशोधन या एका गोष्टीवर उभं आहे, असं त्या म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, मग आता इथल्या लोकांचाही अभ्यास करा की, शेजारी इतके पडलेत. मावशींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारचा म्हातारा खाली मान घालून बर्फ उपसत होता. "यांच्यात काय अभ्यासायचंय?" त्या म्हणाल्या. "साधी माणसं आहेत."

आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली एक इमारत आहे. तिच्यात रशियन बोलणारी बरीच म्हातारी मंडळी राहतात. कुणी रशियातली, कुणी युक्रेनची, एक बाई ताश्कंदची. तळमजल्यावर एक मोठी खोली, तिला जोडून स्वयंपाकघर. मावशी आल्या तेव्हा या खोलीला कुलूप होतं आणि माणसं आपापल्या घरात टीव्हीसमोर बसून होती. मावशींनी काय केलं कोण जाणे, पण वर्षाच्या आत त्या स्वयंपाकघरात सकाळ-दुपार चहा उकळायला लागला. गालिना पेत्रोव्ना नावाची अंगापिंडानं भक्कम, कपाळाला कायम आठी घातलेली बाई आपणहून त्याची मालकीण झाली. पुढे आमच्या आयटीवाल्यांचे आई-वडील सहा महिने मुलाकडे येऊन भिंती बघत बसायचे, त्यांनाही मावशींनी तिथे नेऊन सोडलं. त्यातले नागपूरचे देशमुख काका तर तिथलेच झाले. त्यांना रशियन येत नाही, बोरीस नावाच्या त्यांच्या बुद्धिबळातल्या जोडीदाराला इंग्रजी येत नाही, तरी दोघं तासन् तास एकमेकांवर चिडतात. खोलीचा एकच नियम होता: लढाईच्या बातम्या दाराबाहेर. कुणाच्या घरून फोन आला की सगळे हातातलं काम थांबवून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि तो माणूस फोन ठेवून पुन्हा बटाटे सोलायला लागला की बाकीचेही सोलायला लागायचे. मावशी एकदा मला म्हणाल्या, "मिलिंद, माझं गाव आता एवढंच राहिलंय." वसंतोविच म्हणाल्या नाहीत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आणि गेल्या हिवाळ्यात इमारतीच्या दारावर सूचना लागली. मालक कंपनी बदलली होती, नव्या कंपनीला त्या खोलीत व्यायामशाळा करायची होती. निर्णयाआधी त्यांचा माणूस येऊन रहिवाशांशी बोलणार होता. खोली कुणाच्या उपयोगाची आहे असं त्याला पटलं तरच ती राहणार होती. दुभाषी म्हणून अर्थातच मावशी. त्या दिवसापासून मावशींचं जेवण तुटलं. रात्री खालच्या खोलीतून येरझाऱ्या ऐकू यायच्या. मी त्यांना सांगितलं, हे सोपं काम आहे, आमच्या ऑफिसात रोज चालतं. सगळ्यांना शिकवून ठेवा की हसायचं, छान छान बोलायचं, खोली आमचा जीव की प्राण आहे म्हणायचं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना गाय विकायला सांगितलं होतं. लोकांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, ते जे बोलतील ते तसंच पोचवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. मेधा म्हणाली, मावशी, तुमचं व्रत राहील आणि खोली जाईल.

ठरलेल्या दिवशी मी हाफ डे टाकून मावशींबरोबर गेलो. कंपनीचा माणूस एरिक नावाचा, उंच, गोरा, इथलाच शेतकऱ्याच्या घरातला दिसत होता. चेहऱ्यावर काहीच नाही. टॅबलेट मांडीवर घेऊन तो बसला आणि सभ्यपणे विचारलं, या खोलीत तुम्हाला काय आवडतं? मावशींनी प्रश्न रशियनमध्ये सांगितला. मी गालिना पेत्रोव्नांकडे पाहिलं. त्यांनी आठी आणखी घट्ट केली आणि बोलायला सुरुवात केली.

शेगडीचा डावा बर्नर कित्येक महिने बंद आहे. खिडकीतून वारा येतो. टेबल बुटक्या माणसांसाठी केलेलं आहे. मावशी एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगत होत्या. एरिक टाइप करत होता. बोरीस म्हणाला, इथल्या पाण्याचा चहा बेचव होतो आणि हा भारतीय माणूस खेळताना फार वेळ लावतो. ताश्कंदच्या बाई म्हणाल्या, दिवे असे आहेत की सगळे आजारी दिसतात. एकानंतर एक, तक्रारींची रांगच लागली, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जोरात. ज्या खोलीवर या माणसांचा जीव होता तिलाच ती आपल्या हातानं पुरत होती. आणि या खोलीत बसलेल्या सगळ्यांत हे का चाललंय हे नीट कळणारी बाई एकच होती, आणि तीच ते शब्दन् शब्द इंग्रजीत करत होती. मी मावशींच्या कानाशी लागलो. "मावशी, थोडं गोड करून सांगा ना. निदान हे लोक असं का बोलतात ते तरी समजावा."

मावशींनी माझ्याकडे न बघता मराठीत उत्तर दिलं. "ते इथे बसलेत. त्यांच्यासमोर त्यांच्यावर लेक्चर देऊ? माणसं आहेत ती, नमुने नाहीत." आवाज स्थिर होता. मांडीवरचा एक हात मात्र दुसऱ्यानं दाबून ठेवला होता.

शेवटची आशा देशमुख काका. त्यांना इंग्रजी येतं, बँकेत अधिकारी होते. एरिकनं विचारलं, सर, तुम्ही रोज येता असं दिसतं, तुम्हाला कसं वाटतं? काकांनी एकदा शेगडीकडे, एकदा बोरीसकडे पाहिलं. मला त्यांच्या डोळ्यांत सगळं दिसत होतं, पहाटे उठून दाढी करून ते इथे येतात ते. काका खांदे उडवून म्हणाले, "ओके ओके. टाइमपास होता है." भारतातल्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ कळला असता. एरिकला कळायचं काही कारण नव्हतं.

त्यानं टॅबलेट बंद केला. म्हणाला, यावरून मला असं वाटतं की ही खोली गेली तर तुमची फारशी गैरसोय होणार नाही. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं आणि हेही जसंच्या तसं रशियनमध्ये सांगितलं.

किटलीतलं पाणी उकळत होतं. मग गालिना पेत्रोव्ना उठल्या, फ्रिज उघडला, खारवलेल्या काकड्यांची एक मोठी काचेची बरणी बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि एरिकच्या हातात दिली. काहीतरी बोलल्या. मावशींना भाषांतर करायला पहिल्यांदाच वेळ लागला.

"त्या म्हणतात," मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "बरणी परत आणून द्यायची. इथेच, या टेबलावर. दारातून द्यायची नाही."

एरिक बरणी घेऊन उठला, कोट चढवला. तो उठला तशा गालिना पेत्रोव्ना खाली बसल्या. बोरीस बसला. ताश्कंदच्या बाई बसल्या. देशमुख काका, ज्यांना हे कुणी कधी शिकवलं नव्हतं, तेही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. सगळे कुठेही न बघता गप्प. एरिक मध्येच उभा, त्यानं मावशींकडे पाहिलं. मावशींनी त्याला नुसती खुर्ची दाखवली. तो बसला, मांडीवर बरणी. माझं विमान चुकलं होतं तेव्हाही हा वेळ मला इतका लांब वाटला नव्हता. अखेर गालिना पेत्रोव्ना उठल्या, आणि त्यांच्यामागोमाग सगळे. एरिक दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "ती शेगडी खरंच वाईट आहे." आणि गेला.

घरी येताना गाडीत मावशी म्हणाल्या, "एक गाव लढाईत गेलं. दुसरं मी स्वतः घालवलं." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी प्रथमच पाहत होतो. पण रात्री जेवताना माझ्या डोक्यात काहीतरी किडा वळवळत राहिला. मग मी मावशींना माझ्या मॅनेजरची गोष्ट सांगितली. तो पण मिनेसोटाचाच. मी नवा होतो तेव्हा रात्रंदिवस खपून केलेलं काम त्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "वाईट नाही." मी घरी येऊन मेधाला म्हणालो, नोकरी गेली, बॅगा भर. पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन झालं. या लोकांच्या घरी जेवायला गेलो तर टेबल भरलेलं असतं आणि घरची बाई म्हणते, फार काही केलेलं नाही हो. "मावशी," मी म्हणालो, "हे लोक तुमच्या गावच्या लोकांसारखेच आहेत. तुम्ही कधी बघितलंच नाहीत." मावशींचा घास हातात राहिला. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंधाऱ्या घराकडे पाहत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फावडं घेऊन त्याच्या अंगणात होत्या. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की पंधरा मिनिटांत तो थंडीबद्दल, फावड्याबद्दल आणि मुलाबद्दल तक्रार करत होता, आणि मुलाचा फोटो त्यानं पाकिटातून दोनदा काढून दाखवला.

पण त्यानं खोली वाचणार नव्हती. दिवस जात राहिले, कंपनीकडून काही कळेना. मावशी रोज इमारतीत जायच्या आणि रोज गालिना पेत्रोव्ना एकच प्रश्न विचारायच्या, बरणी आली का? आणि एका दुपारी मी मावशींना घ्यायला गेलो होतो तेव्हा दारात एरिक उभा दिसला. मागे हत्यारांची पेटी घेतलेला मेकॅनिक. एरिकनं बरणी पुढे केली. गालिना पेत्रोव्ना हात मागे बांधून उभ्या राहिल्या. तो ओशाळला, बूट पायपुसण्यावर चांगले घासले, उंबरा ओलांडून आत आला आणि बरणी टेबलावर ठेवली. ती रिकामी नव्हती. त्याच्या आईनं घातलेलं बीटाचं लोणचं होतं. त्याची आई म्हणाली होती, दुसऱ्याची बरणी रिकामी परत द्यायची नसते. मग त्यानं खाली बघत सांगितलं की व्यायामशाळा वरच्या मजल्यावर होईल, आणि त्याची आजी ज्या गोष्टीवर रोज कुरकुर करायची ती तिनं मरेपर्यंत कुणाला हलवू दिली नाही. मेकॅनिक शेगडीखाली शिरला. गालिना पेत्रोव्नांनी काट्यानं बीटाचा तुकडा उचलून चाखला.

"त्या म्हणतात, मीठ जास्त झालंय," मावशींनी जसंच्या तसं सांगितलं. एरिक पहिल्यांदा हसला.

खोली आहे अजून. मावशी नाहीत. उत्तर रशियाच्या थंडीत उमर काढलेल्या बाईला आमच्या अंगणातलं बर्फ नडलं. एकदा घसरल्या, गुडघा दुखावला, आणि सिएटलजवळ रेडमंडला राहणाऱ्या भाच्यानं त्यांना आपल्या बैठ्या घरी नेलं. तिथे पाऊस पडतो, बर्फ नाही. निघायच्या दिवशी आम्ही सगळे कोट घालून हॉलमध्ये बसलो. घड्याळाकडे मी एकदाही पाहिलं नाही. उलट विमान चुकावं असं वाटत होतं. रिया त्यांच्या पायाशी बसली होती, फोन बाजूला ठेवून. मावशी उठल्या, बॅग घेऊन दाराबाहेर निघालेल्या मला परत आत बोलावून, उंबऱ्याच्या आत, कैरीच्या लोणच्याची बरणी हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे दिवस वाईट गेले नाहीत, मिलिंद वसंतोविच."

लोणचं संपलं, बरणी धुऊन ओट्यावर ठेवली आहे. तिच्यात काय भरून न्यायचं यावर मेधाचं आणि माझं एकमत होत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच ते व्हायला नको आहे. मावशींची मला फार आठवण येते. ट्रॅश बाहेर ओढताना जास्तच. परवा त्यांचा फोन आला. तिकडच्या शेजाऱ्यांची नावं, त्यांच्या तक्रारी, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, माझ्यावाचून कसं चाललंय तुमचं?

"ठीक चाललंय," मी म्हणालो. "टाइमपास होतो."

पलीकडून फोनजवळच्या लाकडावर तीनदा टकटक झाली.